अणूची पुंजीय संरचना

अणूमधील इलेक्ट्रॉनाजवळ वाटेल तेवढी ऊर्जा असू शकत नाही. ठरावीक आणि एकमेकींपासून सुट्या अशा मूल्यांपैकीच एखादी असते. या वस्तुस्थितीच्या पायावर अणूच्या रचनेचे जे वर्णन केले जाते, त्याला अणूची पुंजीय संरचना असे म्हणतात. अणू टिकून का राहतो आणि प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचाच वेगळा वर्णपट का देते, हे या वर्णनाखेरीज समजत नाही.

अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ मध्ये आल्फा कणांच्या (हीलियमच्या धन विद्युत् भारित अणुकेंद्रांच्या) विखुरण्यावरून असे दाखवून दिले की, अणूचा सर्व धन विद्युत् भार आणि जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रात एकवटलेले असते. अणूचा व्यास मीटरच्या सुमारे एक हजार कोटीव्या भागाइतका, तर अणुकेंद्राचा त्याहूनही हजारो पटींनी लहान असतो. या शोधाने एक गंभीर अडचण उभी केली. केंद्राभोवती फिरणारा विद्युत् भारित कण अभिजात (पुंज सिद्धांतापूर्वीच्या) भौतिकीनुसार सतत प्रारण, म्हणजे प्रकाशासारख्या तरंगांच्या रूपातील ऊर्जा, बाहेर टाकतो; त्यामुळे हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन सेकंदाच्या सुमारे शंभर अब्जाव्या भागात केंद्रावर जाऊन आदळायला हवा आणि जाताना त्याने सलग वर्णपट द्यायला हवा. प्रत्यक्षात हायड्रोजन टिकून असतो आणि त्याच्या दृश्य वर्णपटात ६५६.३, ४८६.१, ४३४.० व ४१०.२ नॅनोमीटर अशा सुट्या रेषा दिसतात. या रेषांच्या तरंगलांब्या एका साध्या सूत्रात बसतात, हे योहान बाल्मर यांनी १८८५ मध्येच दाखवले होते, पण त्या सूत्रामागचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ते कारण सुचवले. इलेक्ट्रॉन काही विशिष्ट स्थिर अवस्थांतच राहतो आणि वरच्या अवस्थेतून खालच्या अवस्थेत येताना दोहोंतील ऊर्जेच्या फरकाइतक्या ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, उत्सर्जित करतो. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या −१३.६, −३.४, −१.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या मापाचे ऊर्जेचे एकक) अशा चढत जातात. तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना सुटणारी सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा म्हणजेच ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा होय. १९१४ मध्ये जेम्स फ्रांक व गुस्टाफ हर्ट्‌झ यांना पाऱ्याची वाफ इलेक्ट्रॉनांकडून ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्याच टप्प्यांनी ऊर्जा घेते असे आढळले, आणि या पातळ्यांचा प्रकाशाहून निराळा पुरावा मिळाला. तरीही बोर यांचे प्रारूप अपुरे होते. दोन इलेक्ट्रॉनांच्या हीलियमलाही ते लागू पडले नाही. शिवाय हायड्रोजनच्या नीचतम अवस्थेत इलेक्ट्रॉनाचा कक्षीय कोनीय संवेग शून्य असतो, तर त्या प्रारूपात तो शून्य असूच शकत नाही. ग्रहमालेसारख्या कक्षांचे चित्र पाठ्यपुस्तकांत अजूनही रुळलेले आहे. ते इतिहास म्हणून पाहावे, अणूचे रूप म्हणून नव्हे.

आजचे वर्णन लुई द ब्रॉग्ली यांच्या द्रव्यतरंगांच्या कल्पनेवर (१९२४) आणि एर्विन श्रोडिंगर यांच्या समीकरणावर (१९२६) उभे आहे. दोन्ही टोकांना ताणून बांधलेली तार जशी ठरावीक कंप्रतांनीच कंप पावते, तसाच केंद्राच्या आकर्षणाने जखडलेला इलेक्ट्रॉन-तरंग ठरावीक रूपेच धारण करतो. ऊर्जेचा सुटेपणा या जखडण्यातूनच येतो, तो वेगळा लादावा लागत नाही. या तरंगाचे गणिती वर्णन म्हणजे तरंग फलन; त्यावरून इलेक्ट्रॉनाचा मार्ग नव्हे, तर तो कोठे सापडण्याची संभाव्यता किती, एवढेच कळते. अणू कोसळत नाही याचे उत्तरही येथेच आहे. इलेक्ट्रॉनाला जितक्या लहान जागेत कोंडावे तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते, आणि ही वाढ व केंद्राचे आकर्षण यांचा समतोल ज्या अंतरावर साधतो, ते हायड्रोजनमध्ये सुमारे ०.०५३ नॅनोमीटर भरते.

प्रत्येक अवस्था चार पुंजांकांनी, म्हणजे तिची ओळख सांगणाऱ्या चार अंकांनी, ओळखली जाते : मुख्य, कक्षीय, चुंबकीय आणि परिवलन (इलेक्ट्रॉनाचा अंगभूत कोनीय संवेग, स्पिन) पुंजांक. वोल्फगांग पाउली यांच्या विवर्जन तत्त्वानुसार (१९२५) एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत. त्यामुळे सर्व इलेक्ट्रॉन तळाच्या पातळीवर गर्दी करीत नाहीत. एकच मुख्य पुंजांक असलेल्या अवस्थांच्या गटाला कवच म्हणतात; पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात १८ इतकीच जागा असते. मात्र कवचे क्रमाने भरत नाहीत. आतील इलेक्ट्रॉनांमुळे केंद्राचे आकर्षण झाकले जाते आणि ते किती झाकले जाईल हे कक्षकाच्या (इलेक्ट्रॉन जेथे सापडण्याची शक्यता असते त्या भागाच्या) आकारावर अवलंबून असते. म्हणून पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात जागा असतानाही चौथ्यात जातो. आवर्त सारणीची रुंदी आणि तिच्या ओळींची असमान लांबी या भरणीतून ठरते.

बारकाईने पाहिल्यास पातळ्याही फुटतात. इलेक्ट्रॉनाचे परिवलन व त्याची कक्षीय गती यांच्या परस्परक्रियेमुळे सोडियमची पिवळी रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर अशी जोडीने दिसते. अणुकेंद्राच्या परिवलनामुळे होणारे विभाजन याहूनही सूक्ष्म असते. सीझियम–१३३ च्या नीचतम अवस्थेतील अशा दोन पातळ्यांमधील संक्रमणाच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद, अशी कालमापनाची व्याख्या १९६७ पासून रूढ आहे.