होकायंत्र बदलून मागायच्या आधी

आमचा मूळ धंदा रबरी शिक्क्यांचा. सोसायटीचा गोल शिक्का, डॉक्टरांचा सहीखालचा, ‘रोख मिळाले’, ‘खरी नक्कल’ असले. लेटरबॉक्सिंग म्हणजे लपवलेला डबा शोधायचा खेळ. तो खेळणारी मंडळी पहिल्यांदा दुकानात आली ती शिक्क्यासाठीच. कोणाला मोर हवा होता, कोणाला टेकडीवरचं देऊळ, एका मुलीने तर घरच्या मांजराचा फोटो आणला. मग वही लागते, शाईचं पॅड लागतं, पाणी न शिरणारा डबा लागतो, म्हणून तेही ठेवायला लागलो. होकायंत्र सगळ्यात शेवटी आलं आणि आता दुकानातला सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

“काका, हे बिघडलंय. भलतीकडेच नेतं.”

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी हे पत्रक छापून प्रत्येक होकायंत्राच्या पिशवीत घालायचं ठरवलं. दुकानात येऊन नुसतं ‘कंपास’ म्हणू नका, एवढीही विनंती आहे. आमचा पोऱ्या समोरच्या स्टेशनरीकडे बोट दाखवतो, तिथे कंपासपेटी मिळते.

हा खेळ काय आहे ते तुम्हाला ठाऊक असणार, नाहीतर पिशवी घेतलीच नसती. तरी घरच्यांना सांगायला दोन ओळी. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचा मोठा ओसाड माळ आहे. तिथल्या चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोचलेले लोक तिच्यात आपलं कार्ड टाकायला लागले. (नावात पूल आहे, पण तिथे पूल नाही. दलदलीतला खळगा आहे.) पुढे बाटलीचा डबा झाला, डब्यात शिक्का आणि वही आली. डब्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा ठसा तिथल्या वहीत उमटवायचा. डबा शोधायचा खुणेच्या चिठ्ठीवरून, आणि चिठ्ठीत बऱ्याचदा अंश (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले) आणि पावलं दिलेली असतात. सगळा घोळ होतो तो इथे.

समजा चिठ्ठीत लिहिलंय: ‘पाराच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून २४० अंश, ६० पावलं, दोन खोडांच्या गिरिपुष्पाखाली.’ पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प इतकं माजलंय की नुसत्या झाडाच्या नावावर डबा सापडणं शक्य नाही. २४० नीट साधावंच लागतं.

मागे एक जोडी आली, हेच होकायंत्र परत करायला. म्हटलं, पैशांचं नंतर बघू, आधी ओट्याखाली उतरा आणि काय केलंत ते करून दाखवा. मुलाने होकायंत्रावरची अंशांची चकती फिरवून २४० चा आकडा पुढच्या रेघेवर अगदी बरोबर आणला. मग त्याने सुईकडे पाहिलं आणि चालू पडला. सहाव्या पावलाला समोरच्या दुकानाची पायरी लागली.

“कुठे निघाला होतास?”

“लाल टोक आहे तिकडे.”

“मग २४० कशाला लावलंस?”

तो पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. त्याच्याबरोबरची मुलगी हसायला लागली, पण मीटर-दोन मीटर मागून तीही त्याच्याच पाठोपाठ आली होती.

शाळेत आपल्याला ‘होकायंत्र दिशा दाखवते’ असं शिकवलंय. ते दिशा दाखवतं खरं, पण एकच, उत्तर. बाकीच्या आपण काढायच्या असतात. लाल सुईमागे चाललात तर चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो, तुम्ही उत्तरेलाच जाणार. वरच्या चिठ्ठीचाच हिशेब करा. २४० ऐवजी उत्तरेला ६० पावलं गेलात, तर डब्यापासून शंभरावर पावलं लांब पोचता. पारापाशी नुसते बसून राहिला असतात तरी डबा त्याहून जवळ होता.

आता नीट पद्धत. हातातल्या पारदर्शक पट्टीवर पुढे जाणारा बाण छापलेला आहे, तो वाटेचा बाण. चकतीच्या तळाशी दुसरा, पोकळ बाण आहे. आम्ही दुकानात त्याला म्यान म्हणतो. २४० चा आकडा वाटेच्या बाणाच्या रेघेवर आणलात की चकतीचं काम संपलं. तिला पुन्हा हात लावायचा नाही. होकायंत्र पोटाशी, आडवं आणि सपाट धरायचं, वाटेचा बाण आपल्यापासून सरळ पुढे. मग आपण जागच्या जागी पायांसकट वळायचं, लाल सुई म्यानात बसेपर्यंत. बसली की वाटेचा बाण जिकडे रोखलेला असेल तिकडे २४०.

बरेच जण इथवर बरोबर येतात आणि सुई म्यानात नाही म्हणून वळायच्या ऐवजी चकतीच फिरवतात. सुई म्यानात छान बसते, पण २४० गेलेलं असतं. आता आकडा वाचलात तर तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात तिचे अंश मिळतील, चिठ्ठीतले नाहीत. काही जण नुसतं मनगट वळवतात, बाण उजवीकडे जातो आणि माणूस नाकासमोर चालतो. नीट पाहिलंत तर या तिन्ही तऱ्हा एकाच घोटाळ्याच्या आहेत. यंत्राने आपल्याला न्यावं अशी मोबाइलच्या नकाशाने सवय लावली आहे. इथे यंत्र स्थिर धरायचं आणि फिरायचं ते आपण.

दिशा मिळाली की मान वर करा. त्या रेषेतला एखादा दगड, खांब, वाकडं झाड हेरा, होकायंत्र खिशात टाका आणि त्या खुणेकडे चालत जा. सुईकडे बघत चालणारा माणूस प्रत्येक झुडपाला वळसा घालताना थोडा सरकतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचा चष्मा निवडुंगात गेला तो असाच.

पावलांबद्दल थोडक्यात. चिठ्ठी लिहिणारा उंच की ठेंगणा, आणि एक पाऊल म्हणजे एकाच पायाचं की डावं-उजवं मिळून, हे विचारून घ्या. अंशांचा हिशेब सोपा आहे. ६० पावलांवर एक अंशाची चूक म्हणजे साधारण एक पाऊल इकडेतिकडे. पाच अंश चुकलात तर पाच पावलं, म्हणजे शेजारचं गिरिपुष्प.

आता खरोखर बिघडलेल्या होकायंत्रांविषयी. ती असतात, आणि बहुतेक घरीच बिघडतात. मोबाइलच्या पाकिटाच्या झाकणात चुंबक असतो, पर्सच्या बटणात असतो, कानात घालायच्या इअरफोनच्या डबीत असतो. होकायंत्र आठवडाभर त्यांच्याशेजारी पडून राहिलं तर सुईची टोकं चक्क उलटू शकतात, लाल टोक दक्षिणेला जातं. नुसतं जवळ धरलं तर सुई तेवढ्यापुरती ओढली जाते, लांब केलं की परत येते. स्कूटीवर बसून वाचलेले अंश कोणालाही सांगू नका. मोबाइल हातभर लांब, गाडी पाच-सहा पावलं, विजेच्या मोठ्या तारा जमेल तितक्या दूर, आणि हातातलं स्टीलचं कडं दुसऱ्या हातात. टेकडीवरच्या काळ्या कातळावर होकायंत्र टेकवूनही बघू नका. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये लोहचुंबकी खनिज असतं आणि काही ठिकाणी ते सुईला नाचवतं.

हे आम्ही नाहक घाबरवायला सांगत नाही. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये तिथली वेधशाळा सुरू झाली, तीही चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाने बांधलेली. ट्रामपायी वेधशाळा खाडीपलीकडे गेली. तुम्हाला फक्त मोबाइल हातभर लांब ठेवायचाय.

आमचीही एक चूक कबूल करतो. पहिले काही महिने आम्ही गिऱ्हाइकाला होकायंत्र काउंटरवर ठेवून दाखवायचो आणि प्रत्येक नग वेगळीच उत्तर सांगायचा. घाऊक व्यापाऱ्याशी भांडून झालं. मग लक्षात आलं की काउंटरखाली लोखंडी गल्ला आहे. आता तपासणी बाहेर ओट्यावर, लाकडी पाटावर होते. म्हणूनच काउंटरवर ‘जरा बघा हो’ म्हटलंत तर आम्ही बघत नाही. तो आमचा उद्धटपणा नाही.

परत आणण्याआधी एक परीक्षा घरच्या घरी, खरंतर पर्वतीवर घ्या. वर देवळापाशी मोकळी जागा बघून उभे राहा, लोखंडी कठड्यापासून लांब. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो, वरच्या उंच मनोऱ्यामुळे ओळखायला सोपा. वाटेचा बाण त्या मनोऱ्यावर रोखा आणि इथे, फक्त इथे, चकती फिरवून म्यान लाल सुईखाली आणा. रेघेवर २१० आणि २१६ यांच्या दरम्यान आकडा आला तर यंत्र ठीक आहे. ३० ते ३६ आला तर सुई उलटली आहे किंवा तुम्ही पट्टी उलटी धरली आहे. आधी पट्टी बघा. यातलं काहीच नाही आणि भलताच आकडा येतो, तर जरूर घेऊन या.

उलटलेली सुई आम्ही सरळ करून देतो. पट्टीचुंबक काचेवरून एकाच बाजूला दोन-चार वेळा ओढायचा असतो, काम दोन मिनिटांचं. पैसे घेत नाही, यंत्र दुसरीकडून घेतलेलं असलं तरी. काचेखालच्या पाण्यासारख्या द्रवात बारीक बुडबुडा दिसला तर तो दोष नव्हे, उंचीवर किंवा गारठ्यात येतो आणि जातो. सुईला अडवण्याएवढा मोठा बुडबुडा कायम राहिला तर नग बदलून देऊ. एप्रिलमध्ये गाडीच्या काचेखाली ठेवलेला मात्र बदलून मिळणार नाही.

भावाने परदेशातून आणलेलं महाग होकायंत्र इथे अडखळतं, अशीही तक्रार येते. त्यात यंत्राचा दोष नाही. उत्तर युरोपात सुईचं उत्तर टोक जमिनीकडे जोरात ओढलं जातं, म्हणून तिथल्या यंत्रात दक्षिणेकडे वजन देऊन तोल साधलेला असतो. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत. ती रेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, केरळातल्या थुंब्याला अग्निबाण सोडायचं केंद्र काढलं ते त्याच कारणाने. इथे ओढ कमी, त्यामुळे ते जास्तीचं वजन सुईचं दक्षिण टोक खाली दाबतं आणि सुई तळाला घासते. आमच्याकडचे नग आपल्या भागासाठी तोललेले आहेत.

व्हिडिओ बघून काही जण दिक्पात सुधारायचा स्क्रू असलेलं मॉडेल मागतात. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतला तो फरक. अमेरिकेच्या ईशान्येला तो दहा अंशांच्या वर जातो, तिथे स्क्रूला अर्थ आहे. पुण्यात तो एक अंशाच्या आसपास, म्हणजे ६० पावलांना एक पाऊल. ते मॉडेल महाग आहे, आम्ही ठेवतो, पण शेतातल्या डब्यासाठी मागितलंत तर साधंच काढून देऊ. किल्लीच्या साखळीला लटकणारं बटणाएवढं आणि पितळी झाकणाचं ‘मिलिटरी’ आम्ही ठेवतच नाही. पहिल्यावर अंश वाचता येत नाहीत, दुसरं शोकेसमध्ये छान दिसतं.

डबा लपवायचा असेल तर ओळखीच्या शेतात, सोसायटीच्या बागेत, विचारून. वेताळ टेकडीसारखी जागा वन खात्याची आहे आणि किल्ल्याच्या तटात दगड सारून काही खुपसणं आम्हाला मान्य नाही. डबा पारदर्शक घ्या, आत ‘हा खेळ आहे’ अशी मराठीत चिठ्ठी आणि परवानगी देणाऱ्याचं नाव ठेवा. बेवारस वस्तू म्हणून कोणी पोलिसांना फोन केला तर तुमचा रविवार चौकीत जाईल. पावसाळ्यात वही दुहेरी पिशवीत, आणि शाई पाण्याने न फुटणारीच घ्या. शिक्का खोडरबर कोरून स्वतः केलात तरी आमचा राग नाही. कोरायची पाती आमच्याकडे आहेत, आणि बिघडला तर फोटो पाठवा, दोन दिवसांत रबरात करून देऊ.

होकायंत्राची तपासणी रविवारी संध्याकाळी होत नाही. त्या वेळी सगळी टेकडी एकदम दुकानात उतरते. सोमवारी सकाळी या, ज्या मोबाइलशेजारी ते ठेवता तो मोबाइल त्याच्या पाकिटासकट घेऊन या, आणि न सापडलेल्या डब्याची चिठ्ठीही आणा.