कॉमिक आणि ग्राफिक नॉव्हेल: फरक ‘क्रमशः’चा

जाड पुठ्ठ्याचं, महागडं आणि गंभीर विषयाचं असेल तर ग्राफिक नॉव्हेल. पातळ, रंगीत आणि मुलांसाठीचं असेल तर कॉमिक. बहुतेकांचा ठोकताळा हाच असतो, माझाही होता. गेल्या दोन-तीन महिन्यांत लागोपाठ वाचलेल्या काही पुस्तकांनी तो मोडला.

सुरुवात झाली ‘वॉचमेन’पासून. लेखन ॲलन मूर यांचं, चित्रं डेव्ह गिबन्स यांची. ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की हे नाव निघतंच, आणि आज ते एका जाडजूड खंडात मिळतं. पण १९८६-८७ मध्ये ते सुट्या बारा अंकांत आलं होतं, म्हणजे जन्मानं कॉमिकच. मी पहिल्यांदा दोन रात्रींत ते संपवलं आणि डोकं भणभणून गेलं. दुसऱ्यांदा रोज एकच अंक वाचायचा असं ठरवलं आणि पुस्तक उलगडलं. यात मुखपृष्ठ हीच गोष्टीची पहिली चौकट असते. पहिल्या अंकावर रक्ताचा ओघळ आलेला पिवळा हसरा बिल्ला अगदी जवळून दिसतो. आत तोच बिल्ला रस्त्याकडेच्या गटारात, आणि मग नजर वर वर चढत उंच इमारतीच्या फुटक्या खिडकीपाशी पोचते. तिथून एक माणूस खाली बघतोय. प्रत्येक अंकाच्या शेवटी एक घड्याळ असतं, त्याचा काटा बाराच्या दिशेनं थोडा सरकलेला असतो. ही सगळी बांधणी पुढच्या अंकाची वाट बघणाऱ्या वाचकासाठी आहे. खंड एका दमात वाचला की ती वाट बघणंच हातून निसटतं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ आज आपण एकसंध कादंबरी म्हणून वाचतो, पण १८९० पासून ती ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं येत होती. यमूची कहाणी वाचताना मधेच एखादा प्रसंग टांगून ठेवल्यासारखा वाटला, की मला त्या हप्त्याची आठवण होते. मजकूर तोच, पण ‘क्रमशः’ वाचणारा आणि सलग वाचणारा यांचं वाचन एक नसतं. कॉमिक आणि ग्राफिक नॉव्हेल यांतला खरा फरक मला इथे दिसतो. चित्र, चौकट आणि फुग्यातलं बोलणं ही भाषा दोन्हीकडे कॉमिकचीच. ग्राफिक नॉव्हेल हा त्या भाषेतला पूर्ण, बंद झालेला ग्रंथ. ती काही कॉमिकची वरची पायरी नव्हे.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (म्हणजे फँटम) आठवतो? ती मुळात रोजच्या वर्तमानपत्रात येणारी चित्रपट्टी. रोज तीन-चार चौकटी, रोज थोडी उत्कंठा. तिला कोणी ग्राफिक नॉव्हेल म्हणणार नाही आणि म्हणायची गरजही नाही.

गोंधळ वाढवतो तो ‘नॉव्हेल’ हा शब्द. विल आयस्नर यांच्या १९७८ च्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’मुळे ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव रूढ झालं, आणि त्या पुस्तकात आहेत चार स्वतंत्र कथा. आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ तर कादंबरी नाहीच. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची खरी हकीकत आहे ती. दुसरा भाग ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत ललित साहित्यात घातला गेला, तेव्हा स्पीगलमन यांनी पत्र लिहून तो तिथून हलवायला लावला. ‘माउस’ही आधी ‘रॉ’ या नियतकालिकात प्रकरणाप्रकरणानं आलं होतं. तरी वाचताना कुठेही सांधा जाणवत नाही, कारण मनात पहिल्यापासून ग्रंथ होता. म्हणजे हप्त्यानं छापलं एवढ्यानं ठरत नाही. बांधणी कोणत्या वाचनासाठी केलीय, ते बघावं लागतं.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’मध्ये. अमर चित्र कथेनं १९७९ मध्ये बाबासाहेबांवर अंक काढला होता. ठरलेली पानं, ठरलेल्या चौकटी, जन्मापासून क्रमानं पुढे जाणारं चरित्र: मालिकेतला एक अंक. २०११ चं ‘भीमायन’ दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी काढलं आणि चौकटीच नाकारल्या. पानांवर वळणावळणाच्या नक्षीच्या रेघा धावतात आणि त्याच प्रसंग वेगळे करतात. बोलण्याचे फुगे दोन तऱ्हांचे. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

१९०१ मध्ये लहानगा भीम घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनात उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला, दुप्पट भाड्यावर, आणि तेही बैल पोरांनी हाकायचे, आपण बाजूनं चालत येणार, या अटीवर. हा प्रसंग मी आधी बाबासाहेबांच्या आठवणींत वाचला होता. इथे मात्र प्रत्येक फुग्याकडे आधी लांबूनच बघत होतो, नांगी आहे की चोच.