बीपीची गोळी दोन दिवसांत लागू का पडत नाही?

ठाण्यात नौपाड्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की हे कानावर पडतंच: "दोन दिवस घेतोय, प्रेशर उतरत नाही. दुसरी गोळी द्या." गोळी बऱ्याचदा ॲम्लोडिपिन असते आणि ती अजून अंगात पुरती साठलेलीच नसते.

औषध रक्तात उतरलं की लगेच यकृत आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढायला लागतात. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जितका वेळ लागतो, ते त्या औषधाचं अर्धायुष्य. शाळेत किरणोत्साराच्या धड्यात होतं तेच गणित. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य 2 ते 3 तास, म्हणून तापात गोळी दिवसातून तीन-चारदा. ॲम्लोडिपिनचं 30 ते 50 तास, म्हणून रोज एकच.

खरी बहार यापुढे आहे. समजा, एका औषधाचं अर्धायुष्य बरोबर 24 तास आहे आणि आपण रोज 100 मिलिग्रॅम घेतोय. दुसऱ्या दिवशी आधीचे 50 उरलेले, त्यात नवे 100: झाले 150. तिसऱ्या दिवशी 75 आणि 100, म्हणजे 175. मग 187.5, मग जवळपास 194. साठा वाढेल तसा बाहेर जाणारा निम्मा वाटाही वाढतो, म्हणून चढ रोज कमी होतो. 200 च्या आसपास रोज येणारं आणि जाणारं सारखं होतं, पातळी स्थिरावते. डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होईल, पण तिथे पोचायला वेळ तेवढाच लागेल: साधारण पाच अर्धायुष्यं. ॲम्लोडिपिनला सहा ते दहा दिवस. थायरॉइडच्या गोळीचं अर्धायुष्य आठवडाभराचं, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी करतात.

तलावपाळीला सकाळी चालणाऱ्यांत 'गोळ्यांची उष्णता काढायला' दुधीचा रस सुचवणारं कुणीतरी भेटतंच. औषध बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, रस नाही. दुधी कडू निघाला तर तो रस जिवावरही बेततो.

मूत्रपिंडं निकामी होत गेली की मात्र गणित खरंच बदलतं. हृदयाच्या डिगॉक्सिनचं दीड-दोन दिवसांचं अर्धायुष्य तेव्हा चार-पाच दिवसांवर जाऊ शकतं. डोस तोच राहिला तरी साठा चढत राहतो, मळमळ सुरू होते, ठोके चुकतात. घरातल्या वयस्करांना नवी गोळी लिहून घ्यायला नेताना क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.