ड्रायर की अ‍ॅक्युम्युलेटर? जुन्या गाडीच्या एसीतले दोन डबे

जुन्या गाडीचा एसी नव्याने उभा करायला घेतला की पाइपांच्या मध्ये एक उभा डबा दिसतो. मारुती ८०० किंवा जुनी मर्सिडीज असेल तर तो रिसीव्हर ड्रायर असतो. पण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरची जनरल मोटर्स किंवा फोर्डची अमेरिकी गाडी असेल, तर तसाच दिसणारा डबा बहुतेक वेळा अ‍ॅक्युम्युलेटर निघतो. दोघांच्याही पोटात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी असते, पण कामं अगदी वेगळी. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

ड्रायर असतो हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला), गरम गॅस थंड करून द्रव करणारा कंडेन्सर आणि तो द्रव कमी दाबाने कूलिंग कॉइलमध्ये सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांच्या मधल्या बारीक पाइपवर. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडतो आणि त्याला बुडबुडे नसलेला द्रवच लागतो. म्हणून ड्रायरच्या आतली नळी तळापर्यंत जाते आणि तिथून द्रव उचलते. ‘इन’ची खूण कंडेन्सरच्या बाजूला हवी. उलटा बसवला तर वरचा वायू पुढे जातो आणि गॅस पुरेसा असूनही गारवा येत नाही.

अ‍ॅक्युम्युलेटर बसतो कूलिंग कॉइल आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये, जाड सक्शन पाइपवर. या पद्धतीत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नसतो. पाइपच्या आत ठरावीक भोकाची ऑरिफिस ट्यूब असते. भोक लहान-मोठं होत नाही, त्यामुळे कॉइलमधून थोडा द्रव न उकळताच बाहेर पडतो. तो कॉम्प्रेसरमध्ये गेला तर आतले व्हॉल्व्ह तुटतात, कारण द्रव दाबला जात नाही. अ‍ॅक्युम्युलेटर तो द्रव तळाशी अडवतो आणि वरचा वायू तेवढा पुढे सोडतो. त्याच्या आतल्या वाकड्या नळीला तळाशी एक बारीक भोक असतं, त्यातून तेल कॉम्प्रेसरकडे परत जातं. गंजलेल्या पाइपांचा कचरा या भोकात अडकला की कॉम्प्रेसर कोरडा पडतो. जनरल मोटर्सच्या आर-४ कॉम्प्रेसरला तेलाची टाकीच नाही, तेव्हा तिथे हे भोक म्हणजे त्याचा जीव. जुना अ‍ॅक्युम्युलेटर काढल्यावर तेल मापात ओतून बघा. जेवढं निघेल तेवढं, अधिक पिशवीत मुरलेल्याची भरपाई म्हणून साधारण ६० मिली नव्यात घाला. ड्रायरसाठी ३० मिली पुरतं.

ओळखायचं कसं? एसी चालू करून हात लावा. ड्रायर दोन्ही टोकांना सारखाच कोमट-गरम लागायला हवा. बाहेरचं टोक गार पडलं किंवा घामेजलं तर तो आतून तुंबलाय. अ‍ॅक्युम्युलेटर मात्र गार आणि घामेजलेलाच असायला हवा. कॉइलच्या आत जाणारा पाइप थंडगार आणि अ‍ॅक्युम्युलेटर कोमट, असं असेल तर गॅस कमी आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. १९७३ पासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कॉइलचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह एकाच डब्यात आले, त्याला व्हीआयआर (व्हॉल्व्ह्ज इन रिसीव्हर) म्हणतात. तो कॉइलला लागूनच असल्याने अ‍ॅक्युम्युलेटर वाटतो. पण त्याला आतला द्रव बघायची छोटी काच असते आणि खालचं भांडं उघडून दाण्यांची पिशवी बदलता येते.

जुना आर-१२ गॅस सोडून नवा आर-१३४ए गॅस घालणार असाल तर दोन्हींपैकी जो डबा असेल तो नवाच घ्या. जुन्या डब्यातले एक्सएच-५ दाणे या गॅसला टिकत नाहीत, एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ हवेत. ड्रायरमधले दाणे फुटले की एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो. अ‍ॅक्युम्युलेटरमधून सुटलेले दाणे सरळ कॉम्प्रेसरमध्ये जातात, ते जास्त वाईट. आर-१२ चं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून एस्टर ऑइल घाला. अ‍ॅक्युम्युलेटरवरचा प्रेशर स्विच आर-१२ साठी साधारण २५ पीएसआय दाबाला कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो (कॉम्प्रेसर थांबवतो), तो थोडा खाली, २१-२२ वर आणा. गॅसचं वजन मूळच्या ८० ते ९० टक्के ठेवा आणि ड्रायरच्या काचेवर विसंबू नका. आर-१३४ए मध्ये बरोबर भरलं तरी फेस दिसू शकतो, आणि तो घालवायला गॅस भरत गेलात की हाय साइडचा दाब चढतो.

नव्या डब्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत तो उघडा राहिला तर दाणे बसवण्याआधीच ओल पितात. ओ-रिंगला तेल लावून पाइप लगेच घट्ट करा आणि किमान पाऊण तास व्हॅक्यूम मारा. पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास जागचा हलला नाही, तरच गॅस सोडा.