साहेब, भाऊसाहेब, आप्पा: सरकारी माणसांसाठीचे मराठी शब्द

सरकारी पदावरच्या माणसाला मराठीत कधीच एक शब्द पुरत नाही. एक असतो जीआरमधला, दुसरा लोकांच्या तोंडातला, आणि बरेचदा तिसरा असतो, तो माणूस समोर नसताना वापरायचा. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके, त्यामुळे हे शब्द तालुक्यागणिक थोडे बदलतात पण पद्धत तीच.

सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे तलाठी. दिंडोरीकडच्या आमच्या गावात त्याला आप्पा म्हणायचे, काही गावांत तात्या, काही ठिकाणी भाऊसाहेब. माझी आजी वारसनोंदीसाठी कागदाची पिशवी घेऊन चावडीवर जायची तेव्हा तलाठी तिच्या मुलापेक्षा लहान होता, तरी ती म्हणायची, "आप्पा, तेवढी नोंद धरा ना आमची." यात आदर होता आणि गरज पण होती, नातं लावलं की माणूस नाही म्हणत नाही असा हिशोब. घरी आल्यावर विचारलं तर काम झालेलं असेल त्या दिवशी "आप्पांनी धरली नोंद" आणि झालेलं नसेल तर "तो तलाठी भेटलाच नाही". काम झालं की नाही ते शब्दावरूनच कळायचं. नोंद आप्पांनी धरली तरी ती मंजूर करतो सर्कल. सर्कल म्हणजे खरं तर मंडळ, महसुलाचा भाग, पण लोक मंडळ अधिकाऱ्यालाच "सर्कल आले का?" म्हणतात. प्रांताचं पण तसंच, उपविभागीय अधिकारी हे कागदावरचं नाव फार कमी लोकांच्या तोंडात बसतं, गावात "प्रांतसाहेब" म्हटलं की सगळ्यांना कळतं. जागेचं नाव माणसाला चिकटलंय.

तलाठ्याआधी हे काम कुळकर्ण्याकडे होतं, वतनाचं, बापाकडून मुलाकडे जाणारं. ही वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, पुढे १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटीलकी पण गेली. पदं गेली आणि आडनावं राहिली, म्हणून आज कुळकर्णी, देशपांडे, देशमुख ही आडनावं वाचताना ती कधीकाळी पदांची नावं होती हे लक्षातच येत नाही. पाटील हा शब्द मात्र पोलीस पाटलाच्या रूपानं अजून नोकरीत आहे, त्यासाठी १९६७ चा वेगळा कायदा आहे.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की पदांचे शब्द काळाबरोबर खाली घसरतात. हवालदार म्हणजे शिवकाळात अख्ख्या किल्ल्याचा ताबा असलेला माणूस, आज चौकातला पोलीस. फौजदार मुघलांच्या काळात मोठ्या मुलखाचा बंदोबस्त बघायचा, आज गावाकडे पीएसआयला फौजदार म्हणतात आणि नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत हेच फौजदार तयार होतात. कोतवाल तर पेशवाईत पुण्याच्या पोलिसांचा मुख्य होता आणि आज गावात तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देणारा, नोटीस पोचवणारा. शिपाई आधी सैनिक, मग ऑफिसातला प्यून. कारकून या फारसी शब्दाचा अर्थ काम करणारा एवढाच, पण आता "कारकुनी" म्हटलं की डोकं न वापरता केलेलं काम असंच ऐकू येतं, आणि हा त्या लोकांवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, कारण तहसीलमध्ये कुठली फाईल कुठे आहे हे अव्वल कारकुनाला माहीत असतं, साहेबाला नाही.

वरून शब्द बदलायचे प्रयत्न जुनेच आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी वाकनीसाचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य, पेशव्याचा पंतप्रधान. मंत्री आणि सचिव आज मंत्रालयात टिकून आहेत, पण पेशवा हा फारसी शब्द लोकांनी सोडला नाही. १९६० नंतर राज्याच्या भाषा विभागानं पदनाम कोश काढला तेव्हा त्याला "बदनाम कोश" म्हणून हिणवलं गेलं, तरी जिल्हाधिकारी, गटविकास अधिकारी, आयुक्त हे शब्द पाट्यांवर रुळलेच. बोलताना मात्र नाशिकच्या सीबीएससमोर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकासमोर, रिक्षावाल्याला "कलेक्टर ऑफिस"च सांगावं लागतं. मामलेदार बोलण्यातून जवळपास गेला, त्याच्या जागी तहसीलदार आला, पण शेतरस्ता कोणी अडवला तर अर्ज आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खालीच होतो.

अलीकडे ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी, आणि कोतवालाचा महसूल सेवक. म्हणजे एकाचा सेवक काढून अधिकारी लावला आणि दुसऱ्याला सेवक लावला. गावात ग्रामसेवक भाऊसाहेब आहेत ते भाऊसाहेबच राहिलेत.

वरच्या अधिकाऱ्यांसाठी पेपरात तीन शब्द फिरतात आणि तिघांची चव वेगळी. "सनदी अधिकारी" लिहिलं की आयएएस, मान दिलेला. "नोकरशहा" लिहिलं की टीका येणार हे समजायचं, "बाबू" लिहिलं की दफ्तरदिरंगाई, लालफीत हे शब्द मागोमाग येतात. "लोकसेवक" हा कायद्यातला शब्द, अर्थानं सगळ्यात चांगला, पण तो लोकांच्या कानावर पडतो तो लाचलुचपतच्या बातमीत, "लोकसेवकास रंगेहाथ पकडले". या शब्दाचं असं व्हायला नको होतं. लोकांच्या जास्त उपयोगाचा शब्द आहे "पदनिर्देशित अधिकारी", २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातला. तुमचा दाखला ठरलेल्या दिवसांत द्यायची जबाबदारी नावानिशी कोणाची ते या शब्दानं ठरतं आणि नाही दिला तर अपील करता येतं. शब्द अवघड आहे पण पाठ करून ठेवावा असा.

बाई अधिकारी आल्यापासून "मॅडम" सगळीकडे एकच, प्रांत असो की तलाठी. आप्पा-तात्यासारखं नातं त्यांच्यासाठी क्वचितच लावलं जातं, कुठेतरी "ताई" ऐकू येतं तेवढंच.

लिहिताना साहेबाचं "सो" होतं. तहसीलबाहेर टेबल मांडून बसलेला टायपिंगवाला न विचारता पहिली ओळ टाकतो, "प्रति, मा. तहसीलदारसो यांचे सेवेशी", आणि मग मान वर करून विचारतो, "हां, बोला, काय काम आहे?"