शंभरातले नव्याण्णव आणि ‘कोसला’

‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ मराठीत ज्या वाक्यांवरून भांडणं होऊ शकतात, त्यांत हे फार वरचं. कुणाला ते इतकं आवडतं की पुढं आयुष्यभर बोलताना उगाच ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत राहतात. कुणी मात्र विचारतं, पंचवीस वर्षांचा असण्यात उदाहरणार्थ काय आहे? आणि पुस्तक मिटतं.

या वाक्यानं सुरू होणारी भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा लेखकाचं वयही पंचविशीतलंच होतं. खानदेशातल्या सांगवी गावी बसून काही आठवड्यांत त्यांनी ती लिहून काढली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती छापली. अर्पणपत्रिका ‘शंभरातील नव्याण्णवांस’. गंमत अशी की हे नव्याण्णव जण गेल्या साठ वर्षांत या पुस्तकाबद्दल एका मताचे कधीच झाले नाहीत.

तेव्हाचा मराठी वाचक काय वाचत होता, हे पाहिलं तर पहिला खटका समजतो. 1959 मध्ये वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1962 मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. एकीकडे राजे, ऋषी, पेशवे, भरजरी भाषा, थोर दुःखं. त्याच कपाटात खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला एक पोरगा येऊन बसला. हा होस्टेलवर राहतो, मेसचे हिशेब घालतो, बापाचे पैसे उधळतो, नापास होतो आणि शेवटी गावी परततो. कथानक म्हणावं असं एवढंच, आणि भाषा कट्ट्यावरची. जुन्या वळणाच्या वाचकाला यात कादंबरीच दिसली नाही, तर तरुणांना पहिल्यांदाच आपल्या तोंडची भाषा छापलेली दिसली. भांडण पात्रांवरून कमी आणि ‘याला साहित्य म्हणायचं का’ यावरून जास्त होतं. त्यात नेमाडे नुसते कादंबरीकार राहिले नाहीत. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असं विचारत त्यांनी प्रस्थापितांवर जी टीका केली, तिच्यामुळं खूप जण ‘कोसला’ वाचण्याआधीच तिच्या बाजूचे किंवा विरोधातले होऊन बसले. (आजही काही जण पुस्तक न वाचताच मत देतात, पण ते सगळ्याच गाजलेल्या पुस्तकांच्या नशिबी असतं.)

दुसरा वाद उसनवारीचा. जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ 1951 सालची. तिथंही वैतागलेला विद्यार्थी, मोठ्यांच्या ढोंगाची चीड, पाल्हाळिक बोलीतलं निवेदन. शिवाय तिचा नायक होल्डन याचा धाकटा भाऊ वारलेला आणि पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. साम्य नाकारण्यात अर्थ नाही. पण होल्डनची मुख्य भटकंती न्यूयॉर्कमधली, दोन-तीन दिवसांची. पांडुरंगची वर्षं जातात, आणि त्याच्या पाठीशी घर, शेती, वडिलांचा दरारा आणि अख्खं गाव उभं असतं. ‘कोसला’त रोजनिशी आहे, लोककथेचा बाज आहे, आणि आपल्या काळाकडं भविष्यातला इतिहाससंशोधक कसा पाहील याची बखरीच्या थाटातली टिंगल आहे. हे सामान अमेरिकेतून आलेलं नाही. माझं मत विचाराल तर ठिणगी बाहेरची असेलही. जळण इथलंच आहे.

या वादानं एवढी जागा खाल्ली की तिसरा आक्षेप उशिरा ऐकू आला, आणि मला तोच सगळ्यात वजनदार वाटतो. त्याच 1963 साली दलित कथाकार बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की पांडुरंगच्या निरर्थकतेचा भाव कळतो. नापास होऊन परतायला त्याला घर आहे, जमीन आहे. सगळं व्यर्थ आहे असं म्हणत पडून राहणं त्याला परवडतं. बागुलांच्या माणसांना ते परवडत नाही. अनेक वाचक स्त्रियांची तक्रार याच जातीची: आई-बहिणी सोडल्या तर या नायकाच्या जगात बायका आहेतच कुठं? ‘नव्याण्णवांस’ म्हणताना मोजणी कुणाची झाली होती, असं त्यांनी विचारलं तर ते चूक नाही. कादंबरीच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की ती पांडुरंगला थोर ठरवत नाही, त्याचं हसंही करते. पण भक्तांनी त्याला थोर केलं आणि पुष्कळसा राग त्या भक्तीवरचा आहे.

दरम्यान मान्यता येत गेली. बाबा भांड यांनी ‘कोसलाबद्दल’ नावाचं अख्खं पुस्तक संपादित केलं. सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1997 मध्ये ‘ककून’ या नावानं निघाला. (कोसला म्हणजे रेशीमकिड्याचा कोश, कित्येक मराठी वाचकांना हा अर्थ त्या इंग्रजी नावावरूनच कळला असेल.) बंडखोराचं पुस्तक अभ्यासक्रमात गेलं, म्हणजे ज्या परीक्षांना पांडुरंग नापास झाला त्याच परीक्षांना तो प्रश्न म्हणून येऊ लागला. 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाड्यांना मिळाला. मराठीत हा मान पहिल्यांदा 1974 साली खांडेकरांना मिळाला होता. ज्यांच्या वळणाविरुद्ध ‘कोसला’ उभी राहिली, त्यांच्याच यादीत तिचा लेखक चौथा.

माझ्या ओळखीत पुस्तक अर्ध्यावर सोडणारे बहुतेक मेस, गॅदरिंग आणि उधाऱ्यांच्या प्रकरणांत सोडतात. ती पानं लांबली आहेत, यात वाद नाही. मनीच्या मृत्यूपर्यंत आणि पांडुरंगच्या अजिंठ्याच्या भेटीपर्यंत जे पोचले, त्यांतले फार थोडे जण पुस्तक वाईट आहे म्हणतात. निदान त्या पानांपुरते तरी गप्प होतात. मग वयाचाही भाग आहे. विशीत वाचताना पांडुरंगचे वडील नुसते जाचक वाटले होते. परवा पुन्हा वाचायला घेतली, तर त्यांनी पुण्याला किती पैसे धाडले याचा हिशेब मी समासात पेन्सिलीनं मांडत होतो.