३७ तासांचा सहवैमानिक

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेलं एअरबस ए३२० जेमतेम २,८०० फुटांवर पोचलं होतं. तेवढ्यात कॅनडा गूज जातीच्या हंसांचा थवा आडवा आला आणि दोन्ही इंजिनांनी मान टाकली. साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरलं. आतली १५५ माणसं वाचली. कॅप्टन सलेनबर्गर यांच्या गाठीशी १९ हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं, हे सगळीकडे सांगितलं जातं. शेजारचे सहवैमानिक जेफ्री स्काइल्स सहसा विसरले जातात. तेही काही नवखे नव्हते, त्यांचे एकूण तास १५ हजारांवर. पण ए३२०वरचे? फक्त ३७.

विमान तेव्हा स्काइल्सच चालवत होते. सलेनबर्गर यांनी ते लगेच आपल्या हाती घेतलं: या विमानाचा अनुभव त्यांना जास्त, शिवाय शहर दिसत होतं ते त्यांच्या बाजूच्या खिडकीतून. चेकलिस्ट, म्हणजे इंजिनं बंद पडल्यावर एकेक करायच्या पायऱ्यांची यादी, स्काइल्सकडे राहिली. ते नुकतेच प्रशिक्षण संपवून आले होते, त्यामुळे कुठली पायरी कुठे हे त्यांच्या डोक्यात ताजं होतं. अनुभव एकाकडे, ताजा सराव दुसऱ्याकडे. मला या प्रसंगात ही वाटणीच सर्वांत मोलाची वाटते.

ती चेकलिस्टही खूप उंचावर इंजिनं बंद पडतील असं धरून लिहिलेली होती. ती पुरी करायला इथे वेळच नव्हता. शेपटीतलं छोटं सहायक इंजिन सुरू करण्याची पायरी यादीत बरीच खाली होती. सलेनबर्गर यांनी ते यादीची वाट न बघता सुरू केलं, आणि विमानाची वीज टिकली.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांना अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांमध्ये असंच काही आढळलं होतं. घाईच्या वेळी मुरलेला माणूस चार पर्याय मांडून तुलना करत नाही. परिस्थितीची ओळख पटते, त्याबरोबर एक उपाय सुचतो, तो मनातल्या मनात चालवून बघितला की निर्णय झाला.

पण ओळखच पटली नाही तर? १ जून २००९ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला आणि ऑटोपायलट बंद झाला. विमान धडधाकट होतं. चालवणाऱ्या सहवैमानिकाने नाक वर खेचलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली. अशा वेळी नाक खाली दाबायचं असतं. इशारा वाजत राहिला, नाक वरच राहिलं. २२८ जण गेले. एवढ्या उंचीवर विमान हाताने सावरण्याचा सराव त्या दोघा सहवैमानिकांना दिलेलाच नव्हता. केवळ त्यांना दोष देणं मला पटत नाही. लांबच्या उड्डाणात बहुतेक तास ऑटोपायलटचेच असतात. ते लॉगबुकात चढतात, हाताला वळण लावत नाहीत.

याउलट डेनी फिच. १९८५मध्ये जपानचं एक जंबो जेट हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवणारे भाग द्रवाच्या दाबाने हलवणारी यंत्रणा, गमावून कोसळलं, ५२० जण दगावले. तीन इंजिनांच्या डीसी-१० विमानाचे प्रशिक्षक असलेल्या फिच यांनी, कुणी सांगितलेलं नसताना, सिम्युलेटरवर तशाच संकटाचा सराव केला. १९ जुलै १९८९ला युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१०चं शेपटीतलं इंजिन फुटून तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, तेव्हा फिच त्याच विमानात प्रवासी होते. ते कॉकपिटमध्ये गेले आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान वळवू लागले. विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.